फुटपाथवरच्या शेजाऱ्यांसोबत काम: नव्या कार्यकर्त्यांसाठी

पितृपंधरवड्यात पुणे स्टेशनबाहेर झोपणाऱ्या माणसांना एकेका रात्री तीन-तीन ठिकाणांहून जेवण येतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला बिर्याणी येते, थंडीची पहिली बातमी आली की चादरी येतात. मग पुढचे कितीतरी आठवडे कुणी फिरकत नाही. मी हे काम सुरू केलं त्या पहिल्याच महिन्यात एक आजी मला म्हणाल्या, "परत कोणत्या वारी येणार ते सांगून जा, म्हणजे मी जागी राहीन." तेव्हापासून आमचा गुरुवार ठरला. पाऊस असो, दिवाळी असो, गुरुवार चुकवायचा नाही.

आमची संस्था छोटी आहे. पंधरा-वीस माणसं, भाड्याची एक खोली, एक कपाट आणि एक फोन. दर महिन्याला दोन-तीन नवे लोक येतात, कुणी कॉलेजातले, कुणी निवृत्त झालेले. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: मी नेमकं काय करू? हा लेख त्यांच्यासाठी आहे. अनुभव पुण्याचा असला तरी कायदे आणि बहुतेक योजना राज्यभर सारख्याच आहेत, त्यामुळे नाशिक, नागपूर, कोल्हापुरात काम करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

आधी हे कोण आहेत ते समजून घ्या

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. आकडा १७ लाख ७३ हजारांच्या आसपास आला. महाराष्ट्रात तो सुमारे २ लाख १० हजार होता, उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. एका रात्रीत केलेली ही मोजणी. बंद दुकानाच्या शटरमागे, टेम्पोत किंवा पुलाखालच्या अंधारात झोपलेला माणूस तिच्यात आला असेलच असं नाही.

नवीन माणूस येतो तेव्हा त्याच्या डोक्यात 'भिकारी' हा शब्द असतो. तो तिथेच सोडून द्या. आम्हाला भेटणारे बहुतेक पुरुष काम करतात. सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहतात, लग्नसराईत केटररकडे वाढप करतात, भांडी घासतात, भंगार वेचतात, हमाली करतात. आषाढ लागला, लग्नं थांबली की हातचं काम जातं. खोलीचं डिपॉझिट एकदा मोडलं की ते पुन्हा उभं राहत नाही आणि माणूस स्टेशनवर येतो. म्हातारपणी घरातून बाहेर पडलेल्या किंवा काढलेल्या बायका आहेत. सिग्नलला फुगे नि गजरे विकणारी अख्खी कुटुंबं आहेत, त्यांची पोरं फुटपाथवरच जन्मली. रुग्णालयात नातेवाइकाला घेऊन आलेले, पैसे संपले म्हणून इथेच अडकलेले लोक आहेत. आणि काही जण मनाच्या आजारामुळे घर विसरून गेलेले असतात.

सगळ्यांना एकच मदत लागू पडत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १: संस्था निवडा, आणि तिला प्रश्न विचारा

स्वतःचा नवा ग्रुप काढण्याआधी चालू असलेल्या कामात निदान सहा महिने घालवा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, दरवर्षी हिशेब तपासून घेते का, हे विचारायला संकोच करू नका. चांगली संस्था कागद समोर ठेवते. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन. तुम्ही कोणत्या भागात आणि कोणत्या वारी जाता? मागच्या वर्षी भेटलेल्या माणसांपैकी आज कोण कुठे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? दुसऱ्या प्रश्नावर जिथे दहा जणांची नावं आणि हकिगती पटापट सांगितल्या जातात, तिथे जा.

स्वतःलाही एक प्रश्न विचारा. आठवड्यातला एक ठरावीक वार तुम्ही देऊ शकता का? तो जमत नसेल तर महिन्यातला एक दिवस सांगा, खोलीवर बसून वह्या आणि कागदांची कामं करा. तेही काम खरं आहे. रोज येतो म्हणून सांगून तीन आठवड्यांत गायब होणाऱ्या माणसापेक्षा महिन्यातून एकदा हमखास येणारा आम्हाला हवा असतो.

पायरी २: पहिले चार गुरुवार नुसते सोबत चला

पहिले चार वेळा हातात काही नेऊ नका. जुन्या कार्यकर्त्यासोबत चाला, नावं ऐका, चेहरे लक्षात ठेवा. नवीन माणसाला हे जड जातं, रिकाम्या हाताने गेल्याची लाज वाटते. पण हातात पिशवी असली की समोरच्याचं लक्ष पिशवीकडे जातं आणि बोलणं राहून जातं.

काही रीती पाळायच्या आहेत. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत, आम्हाला त्या फुटपाथवरच्या लोकांनीच शिकवल्या.

अंथरलेली चादर किंवा पुठ्ठा हे त्या माणसाचं घर आहे. त्याच्यावर पाय देऊ नका. "बसू का?" असं विचारा, चप्पल काढा, मग टेका. उभं राहून, वरून खाली बघत बोलू नका. काका, मावशी, आजी, दादा, ताई म्हणा आणि 'तुम्ही' म्हणा. वीस वर्षांच्या मुलाने सत्तरीच्या माणसाला "ए बाबा" म्हणून हाक मारलेली ऐकली की माझा जीव जळतो. नाव कळल्यावर पुढच्या वेळी नावानेच विचारपूस करा.

झोपलेल्याला उठवू नका. पहाटे चारला केटरिंगचा टेम्पो पकडायचा असतो, त्याच्यासाठी रात्रीची झोप जेवणापेक्षा मोलाची असते.

"घरी कोण असतं?" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा नाही. तो फार साधा वाटतो, पण फुटपाथवर त्याच्याइतका जखमेवर बोट ठेवणारा प्रश्न दुसरा नाही. गाव विचारा, पाऊसपाणी विचारा, काम कसं चाललंय ते विचारा. घराचं ते आपणहून सांगतील, कदाचित सहाव्या महिन्यात.

फोटो काढायचे नाहीत. देणगीदार मागतात, समाजमाध्यमांवर टाकायला हवे असतात, तरीही नाही. एका बाईंचा कुणीतरी टाकलेला व्हिडिओ त्यांच्या गावापर्यंत पोचला. मुंबईला चांगल्या नोकरीत आहे असं त्यांनी लेकीच्या सासरी सांगितलेलं होतं. त्यानंतर त्या आम्हाला कधीच दिसल्या नाहीत.

एकट्याने जाऊ नका. बायकांशी बोलायला बाई कार्यकर्ती असावी, निदान जोडीत एक तरी. स्वतःच्या घरचा नंबर देऊ नका, संस्थेचा एकच नंबर सगळ्यांनी द्यायचा. रोख पैसे देऊ नका. मन कठोर करा असं मी म्हणत नाही. पण एकाला दिलेल्या शंभराच्या नोटेवरून रात्री भांडण होतं आणि ती नोट ज्याला दिली त्यालाच मार बसतो, हे आम्ही पाहिलंय.

पायरी ३: जेवण द्यायचं असेल तर

जेवण हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे आणि बहुतेक लोक त्याच दरवाजात अडकून पडतात. आधी विचारा की या जागी कोणत्या दिवशी जेवण येत नाही. उत्तर बहुतेक वेळा मंगळवार-बुधवार असं येतं, कारण वाटप करणाऱ्यांना शनिवार-रविवार सोयीचा असतो.

लग्नातलं उरलेलं जेवण रात्री साडेबाराला आणून देणारे फोन आम्हाला येतात. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. तासन् तास उघड्यावर राहिलेलं पनीर खाऊन एखाद्याला जुलाब झाले तर त्याच्याजवळ ना पाणी असतं ना संडास. ताजी पोळी-भाजी, भाकरी-पिठलं, मऊ खिचडी द्या. अर्ध्या म्हाताऱ्यांना दात नसतात, म्हणून खिचडी. साखरेचा आजार असलेल्यांना जिलेबी देऊन पुण्य मिळत नाही. सोबत पिण्याचं पाणी हवंच. आणि जेवण झाल्यावर द्रोण-पत्रावळी गोळा करून न्यायचं काम आपलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी "ही माणसं घाण करतात" म्हणून त्यांनाच हुसकावलं जातं.

रोजच्या जेवणाचा प्रश्न वाटपाने सुटत नाही. जवळ स्वस्त आणि मानाने बसून खाता येईल असं कुठे मिळतं, त्याची यादी करा. पुण्यात हमाल पंचायतीने सुरू केलेली 'कष्टाची भाकर' हे या बाबतीतलं माझं आवडतं उदाहरण आहे: कष्टकऱ्याने पैसे मोजून, बाकावर बसून, पोटभर खावं. शासनाची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली. तुमच्या भागातलं केंद्र आज चालू आहे का आणि किती वाजता थाळ्या संपतात, ते स्वतः जाऊन बघा. ऐकीव माहितीवर म्हाताऱ्या माणसाला दोन किलोमीटर चालायला लावू नका.

पायरी ४: वही ठेवा

प्रत्येक माणसामागे एक पान. नाव, अंदाजे वय, गाव आणि तालुका, कोणती भाषा नीट येते, काय काम करतात, रात्री नेमके कुठे झोपतात, काय दुखतं, कोणते कागद आहेत आणि कोणते हरवले. शेवटी एक ओळ: मागच्या वेळी आपण काय कबूल केलं होतं.

ती शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "पुढच्या गुरुवारी चष्मा आणतो" असं म्हणून विसरणारे या लोकांना आयुष्यात खूप भेटलेले असतात. आपण त्यांत भर घालायची नाही. जमणार नसेल तर कबूल करू नका, कबूल केलं आणि जमलं नाही तर गुरुवारी जाऊन तसं सांगा.

वही खोलीवरच्या कपाटात, कुलपात. आजार, जात, पोलीस केस यांबद्दल कळलेलं बाहेर कुणाशी बोलायचं नाही, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

पायरी ५: कागद

खरं काम इथे सुरू होतं. यात चमक नाही, रांगा आहेत. पण एक कागद झाला की त्याच्या मागे पाच गोष्टी उघडतात, आणि तो नसला की सगळीकडे "पत्ता काय?" या प्रश्नावर गाडी अडते.

आधारपासून सुरुवात करा. 'आधार नाही' म्हणणाऱ्या अनेकांचं आधार काढलेलं असतं, कार्ड हरवलेलं असतं. नंबर आठवत नाही, जोडलेला मोबाइल कधीच चोरीला गेलेला. अशा वेळी नवीन अर्ज भरायची घाई करू नका. दुसऱ्यांदा नोंदणी केली की ती फेटाळली जाते आणि महिने वाया जातात. आधार केंद्रावर नेऊन ठशांवरून जुनी नोंद शोधता येते का ते आधी विचारा. विटा वाहून आणि भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते उचलत नाही. डोळ्यांच्या बुबुळांवरून बघायला सांगा.

नोंदणी झालेलीच नसेल तर ती मोफत होते. पत्त्याचा पुरावा म्हणून मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, त्यावर फोटो आणि शिक्का लागतो. आमदार, खासदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचंही चालतं. अठरा वर्षांवरच्या माणसाच्या नव्या नोंदणीला पडताळणी असते, तेव्हा धीर धरा आणि पावती जपून ठेवा.

मग बँक. स्टेशनवर झोपलेल्या माणसाचा खिसा ब्लेडने कापणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणून बरेच जण मजुरी मुकादमाकडेच ठेवतात आणि ती पुन्हा हातात पडेलच याचा भरवसा नसतो. पुरेसे कागद नसले तरी बँकेत 'छोटं खातं' उघडता येतं: फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. त्यात शिल्लक ५० हजारांच्या वर ठेवता येत नाही, आणि वर्षभरात ओळखीच्या कागदासाठी अर्ज केल्याचं दाखवावं लागतं. शाखेत कधीकधी "असं काही नसतं" हे उत्तर मिळतं. नियम रिझर्व्ह बँकेचा आहे, हे आवाज न चढवता सांगा, व्यवस्थापकांना भेटा, लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

रेशनबद्दल जरा नीट विचार करा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. गावाकडच्या कार्डावर नाव असेल तर पुण्यातल्या दुकानातही ठसा देऊन धान्य उचलता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. सिग्नलवरच्या कुटुंबाला याचा मोठा आधार होतो, कारण तीन दगडांची का होईना त्यांची चूल असते. एकट्या पुरुषाला मात्र तांदळाची पिशवी घेऊन करायचं काय? शिजवणार कशात, ठेवणार कुठे? त्याच्यासाठी रेशनकार्डाचा उपयोग दवाखान्यात आणि तहसील कचेरीत. त्याला हे आधीच समजावून सांगा, म्हणजे धान्याच्या आशेने तो चकरा मारणार नाही.

निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजना. २०२३ पासून रक्कम महिन्याला १५०० रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात. पण वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा. फुटपाथवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? आम्ही जुनी रुग्णालयाची केस पेपर, मतदार यादीतलं नाव, मुलाच्या शाळेचा दाखला, मिळेल ते जोडत जातो. काही अर्ज वर्षभर रखडतात. तरी भरा.

मतदार यादीतलं नाव हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६ मध्ये आपण जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का, हे पाहतो. आम्ही एका काकांचा असा अर्ज भरला होता. अधिकारी येणार त्या रात्री काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून साडेसातपासून चादरीवर बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस त्यांना उठवायला नव्हे, भेटायला येणार होता.

मूळ कागद संस्थेत ठेवून घेऊ नका. झेरॉक्स आपल्याकडे, मूळ त्यांच्याकडे, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावसात किंवा अतिक्रमणाच्या कारवाईत बोचकं गेलं तर आपल्याकडच्या झेरॉक्सवरून पुन्हा सुरुवात करता येते. अशी कारवाई होताना तुम्ही तिथे असाल तर भांडत बसण्याआधी दोन गोष्टी करा: औषधांची आणि कागदांची पिशवी बाजूला काढून घ्या, आणि आदेश कुणाचा आहे ते लिहून घ्या. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या प्रकरणात १९८५ साली सांगितलेलं आहे. त्याच निकालात न्यायालयाने हटवण्याला पूर्ण मनाई केलेली नाही, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे मुद्दा मांडायचा तो आगाऊ नोटीस मिळाली का, याचा.

पायरी ६: दुखणं

आपण डॉक्टर नाही. गोळ्या द्यायच्या नाहीत, चिघळलेली जखम स्वतः धुवायची नाही. आपलं काम माणसाला दवाखान्यापर्यंत नेणं आणि तिथे सोबत थांबणं.

तातडीचं असेल तर १०८. फोनवर पत्ता विचारतात तेव्हा गोंधळ होतो, म्हणून समोरच्या दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर आधी बघून ठेवा. रुग्णवाहिकेतून सोबत जा. सोबत कुणी नाही म्हटलं की माणूस मागे पडतो, हे कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात दिसेल. ससूनसारख्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांचा कक्ष कुठे आहे ते पहिल्याच फेरीत बघून ठेवा, त्यांना भेटा, ओळख ठेवा. बेवारस रुग्णाची औषधं, तपासण्या, घरी जाण्याची सोय, सगळ्याचा रस्ता त्यांच्या टेबलावरून जातो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, तिथे आधी विचारा.

मोठं खाजगी रुग्णालय धर्मादाय असेल तर त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. अडलंच तर धर्मादाय कार्यालयात फोन करा. 'धर्मादाय' ही पाटी दर्शनी भागात शोधा आणि तुमच्या भागातल्या अशा रुग्णालयांची यादी पाकिटात ठेवा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर क्षयरोगाची तपासणी. औषधं सरकारकडून मोफत मिळतात. अवघड असतं ते सहा-सहा महिने गोळ्या चालू ठेवणं. माणूस लग्नसराईत नगरला जातो, गोळ्या सुटतात. इथे तुमचा ठरलेला वार कामाला येतो. तुम्ही दर गुरुवारी जाता म्हणून "गोळी घेतली का?" असं विचारणारं कुणीतरी असतं.

मनाच्या आजारात भटकणाऱ्या माणसाला ओढत कुठेही नेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा असतो. पोलीस ठाण्यात हे कलम दाखवायची वेळ येते, म्हणून त्याची प्रत सोबत ठेवा. सल्ला हवा असेल तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे. उपचारानंतर माणूस घरी जाऊ शकतो यावर तुमचा विश्वास बसत नसेल तर कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा फाउंडेशनचं काम बघा. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याच्या या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा बायकांसाठी अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली ही संस्था आहे. मात्र आधी फोन करा, जागा आणि प्रक्रिया विचारा. माणसाला गाडीत घालून थेट दारात सोडून येणं हा त्या माणसावर आणि त्या संस्थेवर, दोघांवर अन्याय आहे.

मूल एकटं दिसलं तर १०९८, एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी १४५६७.

पायरी ७: निवारा

नव्या कार्यकर्त्याला वाटतं, महापालिकेचं निवारा केंद्र आहे, तिथे नेलं की झालं. मग काका "नको" म्हणतात आणि कार्यकर्ता नाराज होतो.

नियम असा आहे की एक लाख लोकवस्तीमागे निदान शंभर जणांचा, बारा महिने चोवीस तास चालणारा एक निवारा हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याबद्दल आदेश दिले आणि पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ते निकष आले. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर ३१ लाखांवर होतं, म्हणजे त्या हिशेबाने निदान ३१ निवारे. तुमच्या शहरात किती आहेत, ते महापालिकेच्या समाज विकास विभागात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नकारामागची कारणं ऐकून घ्या. नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं. भंगाराचं पोतं आत नेता येत नाही आणि बाहेर ठेवलं तर सकाळी नसतं. मजूर अड्डा पाच किलोमीटर लांब पडतो. सगळ्यात मोठी भीती 'उचलून नेतील' ही. ती उगाच नाही. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून आहे, त्याखाली पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि भिक्षेकरी गृहात एक ते तीन वर्षं ठेवलं जाऊ शकतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरत्या त्याच्या मुख्य तरतुदी रद्द केल्या, महाराष्ट्रात तो लागू आहे. ज्याने एकदा त्या गाडीतून प्रवास केलाय तो पुन्हा कुठल्याही गाडीत बसत नाही.

म्हणून आधी तुम्ही स्वतः एक रात्र निवाऱ्यात घालवा. पंखा चालतो का, संडास स्वच्छ आहे का, कुलपाची पेटी मिळते का, व्यवस्थापक बोलतात कसे. मग काकांना दिवसा, चालत, नुसतं बघायला न्या. चहा प्या, परत या. तिथे राहणारा त्यांच्या ओळखीचा कुणी असेल तर त्याच्याशी गाठ घालून द्या. आमच्याकडे जे निवाऱ्यात टिकले, ते जवळजवळ सगळे तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर गेलेले आहेत. पावसाळा तोंडावर असताना मात्र ही वाट थोडी लवकर चाला, मे महिन्यातच.

पायरी ८: गावाकडे

काही जणांना घरी जायचं असतं, तोंड दाखवायची हिंमत नसते. काहींना मरेपर्यंत जायचं नसतं, आणि त्यामागे मारहाण असते, जमिनीचा वाद असतो. "घरी पोचवलं" हा आकडा अहवालात छान दिसतो, म्हणून त्याचा मोह धरू नका. त्यांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय गावात एकही फोन करायचा नाही.

हो म्हटलं तर पोलीस पाटील किंवा सरपंच यांच्यामार्फत घरच्यांपर्यंत पोचता येतं. पहिल्या फोनवर माणूस कुठे आहे हे सांगू नका, घरच्यांचा सूर ऐका. दुसऱ्या फोनवर दोघांचं बोलणं करून द्या आणि तुम्ही थोडं लांब उभे राहा. एक दादा अकरा वर्षांनी आईशी बोलले तेव्हा पहिली पाच मिनिटं दोन्हीकडून काहीच आवाज नव्हता. आम्ही फोन कापला गेला असं समजून बघायला गेलो, तर दोघं नुसते रडत होते. जायचं ठरलं तर एक कार्यकर्ता सोबत जातो, रात्रीच्या एसटीने, आणि महिनाभराने पुन्हा विचारपूस करतो.

पिशवीत काय असावं

पाचव्या गुरुवारी पहिल्यांदा पिशवी घेऊन याल, तेव्हा तिच्यात एवढं ठेवा: वही आणि दोन पेनं, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, जवळच्या दवाखान्यांचे आणि निवाऱ्यांचे पत्ते लिहिलेल्या चिठ्ठ्या मराठीत आणि हिंदीत, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे चार-पाच पुडे, बायकांसाठी पॅड कागदात गुंडाळून, नखं कापायचं नेलकटर, छोटी बॅटरी. नेलकटर का, असं सगळे विचारतात. पायाची वाढलेली नखं आणि भेगा यांमुळे चालता न येणारी म्हातारी माणसं तुम्हाला पहिल्याच फेरीत भेटतील.

आणि चपला. कपडे सगळे आणून देतात, चपला कुणी देत नाही. सरसकट एका मापाच्या आणू नका. मागच्या गुरुवारी ज्यांनी आठ नंबर सांगितला होता त्यांच्यासाठी आठचाच जोड, त्यांचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट.